आनिचे म्हणजे बडीशेप नव्हे

आईने साताऱ्याहून पाठवलेली बडीशेपेची बरणी मी मोठ्या हौसेने खालच्या मजल्यावर नेली आणि सिन्योरांच्या ओट्यावर ठेवली. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. त्यांच्या ओव्हनमध्ये काहीतरी भाजलं जात होतं आणि त्याचा वास जिन्याने चढून आमच्या दारापर्यंत आला होता. त्या वासासरशी मला साताऱ्याच्या घराची ओसरी दिसली, जेवणं झाल्यावर फिरणारं आजोबांचं पानाचं तबक दिसलं, त्यातली ती पितळी वाटी दिसली. इतक्या लांब, इटलीतल्या या डोंगरातल्या गावात, बडीशेप! मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये मी त्यांना सांगितलं, हे तर आमचंच आहे, आमच्याकडे रोज खातात, हे बघा.

त्यांनी चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले, दोन-तीन दाताखाली चावले. बराच वेळ चघळत राहिल्या. मग म्हणाल्या, "फिनोक्कियो. छान आहे गं. पण आनिचे नाही."

आणि त्यांनी फडताळातून आपली काचेची बाटली काढून माझ्या तळहातावर काही दाणे ओतले. मला आधी तो ओवाच वाटला. करडट हिरवे, जेमतेम ओव्याहून थोडे मोठे, अंगावर बारीक लव, आणि बऱ्याच दाण्यांना अजून देठाचं काडीएवढं टोक चिकटलेलं. आईच्या बडीशेपेचे लांबट, गुळगुळीत, रेघारेघांचे दाणे शेजारी ठेवल्यावर तर दोघांची काही ओळखच नाही असं वाटलं. मी एक दाणा चावला. ओसरीवरचाच वास, पण त्यातलं काहीतरी काढून घेतलेलं. बडीशेप चावली की गोडाच्या मागून एक थंड, कापरासारखी कडसर झुळूक येते. इथे ती नव्हती. नुसता गोडवा होता, सरळ, उबदार, आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा.

हे गाव आस्कोली पिचेनो. मध्य इटलीत, मार्के प्रांताच्या दक्षिण टोकाला. माझ्या नवऱ्याला त्याच्या कंपनीने तिथल्या एका कारखान्यात तीन वर्षांसाठी पाठवलं होतं आणि आम्ही एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीण. त्या मला 'तू' म्हणायच्या, मी त्यांना इटालियनमधलं आदराचं 'लेई' लावायचे, आणि ही वाटणी आम्हा दोघींना न बोलता मान्य होती. तोंडाने सिन्योरा म्हणत असले तरी मनात मी त्यांना काकूच म्हणायचे.

आस्कोली हे आनिचेचंच गाव आहे, हे मला नंतर कळलं. गावाच्या मधोमध ट्रॅव्हर्टिन दगडाने फरसबंद केलेला पियाझ्झा देल पोपोलो हा चौक आहे. पाऊस पडून गेला की त्या गुळगुळीत दगडात अख्खा चौक उलटा दिसतो. त्याच्या एका बाजूला १९०७ साली सुरू झालेलं काफे मेलेत्ती उभं आहे. मेलेत्ती घराणं १८७० पासून आनिचेची दारू बनवतं, तिचं नाव आनिसेत्ता. ही दारू काचेसारखी स्वच्छ असते, पण तिच्यात पाणी घातलं की क्षणात दुधासारखी पांढरी होते. सिन्योरांनी मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी तीन वेळा परत करायला लावलं. आनिचेला तिचा वास देणारं द्रव्य म्हणजे अॅनेथोल. ते मद्यार्कात विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की ते बिचारं सूक्ष्म थेंबांनी बाहेर पडतं आणि पेला ढगाळतो. हेच अॅनेथोल साखरेच्या जवळजवळ तेरा पट गोड असतं, म्हणून आनिचे घातलेल्या पदार्थात साखर बेताची असली तरी तोंड गोड होतं.

त्या दिवशी ओव्हनमध्ये होत्या त्या 'आनिचीनी'. आनिचे घातलेली, दोनदा भाजलेली बिस्किटं. पुढच्या तीन हिवाळ्यांत मी ती सिन्योरांच्या शेजारी उभी राहून इतक्या वेळा केली, की आजही हाताला तो क्रम पाठ आहे.

साहित्य चार ओळींत संपतं: चार अंडी, दोनशे ग्रॅम साखर, दोनशे ग्रॅम मैदा, मोठा चमचाभर आनिचे. शिवाय मीठ चिमटीभर, एका लिंबाची किसलेली साल आणि चमचाभर आनिसेत्ता. लोणी नाही, तेल नाही, बेकिंग पावडरही नाही. हे ऐकून मला पटेना. आपल्याकडे शंकरपाळे असोत की नानकटाई, खुसखुशीतपणा म्हणजे मोहन, तूप. तुपाशिवाय खुसखुशीत होणार कसं? सिन्योरांचं उत्तर होतं, हवा. अंडी आणि साखर घड्याळ लावून पंधरा मिनिटं फेटायची. चौदा नाही. पहिली पाच मिनिटं काही घडत नाही, पिवळं पाणीच राहतं. मग रंग फिका व्हायला लागतो, भांडं भरायला लागतं. दहाव्या मिनिटाला मला दर वेळी वाटायचं की झालं, आणि दर वेळी त्या नुसती मान हलवायच्या.

झालं की नाही हे ओळखायची खूण मला फार आवडते. फेटणी वर उचलायची. तिच्यावरून पडणारी धार खालच्या मिश्रणात लगेच बुडाली तर अजून वेळ आहे. धार वरच राहिली, तिने पृष्ठभागावर रेघ काढली आणि ती रेघ काही सेकंद टिकली, की इटालियन स्वयंपाकघरात म्हणतात, "स्क्रीवे". म्हणजे लिहितंय. मिश्रण लिहायला लागलं! आपल्याकडे पाक एकतारी होतो, दोनतारी होतो, गोळीबंद होतो. तार, गोळी ही हाताने पाहायची मापं आहेत. इथे माप अक्षराचं होतं. पहिल्यांदा माझ्या हातात फेटणी दिली तेव्हा मी त्या फिकट पिवळ्या फेसावर 'अ' काढला. सिन्योरा चष्मा वर करून बघत राहिल्या. "हे काय?" मी म्हटलं, आमचं पहिलं अक्षर. तो 'अ' हळूहळू पसरला, गोल झाला, आणि मावळेपर्यंत आम्ही दोघी वाकून त्याच्याकडे बघत होतो.

मग मैदा. तो तीन हप्त्यांत चाळणीने वरून भुरभुरायचा आणि रुंद चमच्याने खालून वर, खालून वर असा हलकेच मिसळायचा. इथे घाई झाली की पंधरा मिनिटांची हवा एका मिनिटात जाते. आनिचेचे अर्धे दाणे खलबत्त्यात नुसते दडपायचे, पूड करायची नाही, उरलेले अर्धे तसेच अख्खे. दडपलेल्यांचा वास सगळ्या बिस्किटात पसरतो आणि अख्खे अधूनमधून दाताखाली येतात. आनिचे आणि लिंबाची साल यांचं एक कामही आहे. लोणी नसलेल्या, नुसत्या अंड्यांवर उभ्या असलेल्या पदार्थात अंड्याचा वास डोकं वर काढतो. ही दोन त्याला दाबून ठेवतात.

लांबट साच्यात कागद घालून १८० अंशांवर साधारण पंचवीस मिनिटं. बाहेर येतो तो हलका, स्पंजासारखा, चपटा पाव. तो पूर्ण गार व्हायला हवा. सिन्योरा तर दुसऱ्या दिवशीच कापायच्या. दात्यांच्या सुरीने, बोटाएवढ्या जाडीच्या चकत्या. त्या आडव्या मांडून पुन्हा ओव्हनमध्ये, आता १६० वर, आठ-दहा मिनिटांनी उलटायच्या, दोन्ही बाजूंना सोनेरी रंग आला की झाल्या. तेव्हा तो वास जिन्यात जातो. पहिल्या भाजणीत ओलाव्याने झाकून राहिलेला आनिचे दुसऱ्या भाजणीत मोकळा होतो. मला खाली बोलावून घेतलं होतं ते या दुसऱ्या भाजणीच्या वासाने.

'बिस' म्हणजे दोनदा, 'कोत्तो' म्हणजे शिजवलेलं, भाजलेलं. बिस्कोत्तो. लॅटिनमधून आलेला हा शब्द युरोपभर फिरत आपल्या बिस्किटापर्यंत पोहोचला, पण आपलं बिस्कीट एकदाच भाजलेलं असतं. शब्दाचा अर्थ खरा करणारी वस्तू आपल्याकडे आहे ती बेकरीतला टोस्ट. पाव करायचा, कापायचा, पुन्हा भाजून कडक करायचा. आधी जहाजांवर न्यायच्या पावाला असं दोनदा भाजत, म्हणजे पाण्याचा अंश उरत नाही आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. सिन्योरांच्या आनिचीनी पत्र्याच्या डब्यात जानेवारी संपेपर्यंत राहायच्या, आणि शेवटची पहिलीइतकीच कुरकुरीत असायची.

त्या बरणीच्या प्रसंगाने मला एक गोष्ट स्वतःबद्दल कळली. परदेशात आल्यापासून मी एक वाक्य फार वापरत होते: "आपल्यासारखंच आहे." पोलेंटा आपल्या कण्यांसारखी. शेजारच्या आब्रुत्सोतली, लोखंडी साच्यात दाबून केलेली नक्षीदार पिझ्झेले आपल्या कुठल्यातरी फराळासारखी. सुलमोना गावात साखरेचं कवच चढवलेल्या बदामांची फुलं करतात, ती आपल्या हलव्याच्या दागिन्यांसारखी. यातलं शेवटचं साम्य खरोखरच आहे, तापलेल्या भांड्यात दाणा फिरवत ठेवून थेंबाथेंबाने पाक चढवायची युक्ती तीच. पण एरवी ते वाक्य मी घरची आठवण आली की म्हणायचे, आणि म्हटलं की समोरच्या वस्तूकडे बघणं थांबायचं. सिन्योरांनी माझी बडीशेप नाकारली नव्हती. त्यांनी ती चावून पाहिली, तिचं बरोबर नाव घेतलं, तिला छान म्हटलं. मी मात्र त्यांचा दाणा न पाहताच त्याला माझं नाव देऊन टाकलं होतं.

नावांचा हा गोंधळ तसा माझ्या एकटीचा नाही, फार जुना आहे. आपल्या 'बडीशेप' या शब्दातच तो आहे: बडी शेप, म्हणजे मोठी शेप. शेपूच्या बिया त्या बाळंतशेप, आणि तिच्याहून मोठी ती बडीशेप. म्हणजे शेपूवरून तिचं नाव पडलं. तिकडे ग्रीक भाषेत शेपू 'अॅनेथॉन' आणि आनिचे 'अॅनिसॉन', आणि या दोघांचीही कायम गल्लत होत आली. बायबलच्या १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात पुदिना आणि जिऱ्याच्या जोडीला आनिचेचा उल्लेख आहे, पण मूळ ग्रीक शब्द शेपूचा आहे. गंमत म्हणजे अॅनेथोल हे नावही त्या शेपूच्याच शब्दावरून आलंय. मसाल्याच्या डब्यातलं चक्रीफूल तर एका झाडाचं फळ, मूळ चीन आणि व्हिएतनामकडचं. आनिचे, बडीशेप, शेपू, जिरं, धने, ओवा ही सगळी एका कुळातली भावंडं आणि चक्रीफूल पार परकं. पण अॅनेथोल त्याच्यातही भरपूर, म्हणून इंग्रजीत त्यालाही आनिचेचंच नाव मिळालं.

रोमन काटोने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर लिहिलेल्या पुस्तकात एका पोळीवजा केकची कृती दिली आहे. द्राक्षाच्या ताज्या रसात भिजवलेलं पीठ, आनिचे, जिरं, चरबी, चीज, लॉरेलच्या फांदीची खरवडलेली साल, आणि भाजताना खाली लॉरेलची पानं. आनिचे आणि जिरं एकाच पिठात! वाचताना मी लॉरेलला मनात तमालपत्र म्हटलं आणि लगेच थांबले. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जातीतलं, त्याला तीन उभ्या शिरा असतात. लॉरेलला एकच मधली शीर. सिन्योरांच्या अंगणातल्या झाडाचं पान तोडून मी ते नीट बघून घेतलं.

आनिचे शेतात बघायची माझी फार इच्छा होती. आस्कोलीच्या उत्तरेला टेकडीवर कास्तिन्यानो नावाचं गाव आहे, तिथला हिरवा आनिचे नावाजलेला. पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं हे वाण मागे पडू नये म्हणून स्लो फूड संस्थेने त्याला आपल्या संरक्षणाच्या यादीत घेतलंय. दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना कालांकी, म्हणजे पावसाने कोरून काढलेल्या चिकणमातीच्या राखाडी घळी. आणि वर वाऱ्याला लवणाऱ्या गुडघा-मांडीएवढ्या झाडांचं छोटंसं शेत, पांढऱ्या फुलांच्या छत्र्या धरून. बडीशेपेची आणि शेपूची फुलं पिवळी असतात, आनिचेची पांढरी. बडीशेप पुरुषभर वाढते, हा कमरेच्याही खाली. रस्त्याकडेला रानबडीशेप उगवलेली होतीच, उंच, पिवळी, आडदांड. सिन्योरा मध्ये उभ्या राहिल्या, एका हाताने एक, दुसऱ्या हाताने दुसरं दाखवलं आणि नुसत्या माझ्याकडे बघितलं.

पुण्याला परतताना त्यांनी मला त्या शेताच्या दाण्यांची एक पुडी दिली. पहिल्याच वर्षी मी इथे आनिचीनी करायला घेतल्या आणि पहिला घाणा बसला. पंधरा मिनिटं फेटूनही मिश्रण लिहीना. कारण शोधायला दोन घाणे लागले. आपली साखर तिकडच्यापेक्षा खूप जाड दाण्याची, ती अंड्यात विरघळतच नाही, खाली रवाळ बसते. मिक्सरमधून काढून पिठी केली तेव्हा जमलं. आपली अंडीही लहान असतात, त्यामुळे चाराऐवजी वजन करून घेते, टरफलासकट सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम. आनिसेत्ताऐवजी काही घालत नाही, दाणे थोडे जास्त दडपते. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत करतच नाही. पुण्याच्या पावसाळी हवेत दोनदा भाजलेली वस्तूसुद्धा दोन दिवसांत लोळागोळा होते.

पुडी संपली आणि खरी अडचण सुरू झाली. किराणा दुकानांतून मिळणाऱ्या पाकिटांवर इंग्रजीत 'अॅनिसीड' छापलेलं असतं आणि आत असते बडीशेप. कुणी लखनवी बडीशेप पुढे करायचं, बारीक, हिरवीगार, गोड. सुंदर असते, पण बडीशेपच. कुणी चक्रीफूल काढून दाखवायचं. शेवटी रविवार पेठेत, बोहरी आळीजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात मी नावाचा नाद सोडून वर्णन केलं: ओव्यासारखं दिसतं, देठ असतो, बडीशेपेसारखं गोड लागतं. म्हाताऱ्या दुकानदारांनी न बोलता मागच्या खणातून पोतडी काढली. "अनीसून पाहिजे तुम्हाला. युनानीत लागतं."

अनीसून. युनानी म्हणजे ग्रीक. ग्रीकांचा 'अॅनिसॉन' अरबीतून, हकिमांच्या नुस्ख्यांतून रविवार पेठेतल्या या खणात येऊन पडला होता, आणि मी त्याला इंग्रजीत शोधत फिरत होते. मी त्यांना विचारलं, मग बडीशेप? ते म्हणाले, हकीम तिला 'बादियान' म्हणतात. आणि आपण मसाल्यात ज्याला बाद्यान म्हणतो ते चक्रीफूल? ते 'बादियान-ए-खताई', म्हणजे चीनची बडीशेप. पुढचा शब्द गळाला, मागचा आपल्याकडे राहिला. त्यांनी तीन खण उघडून तीन चिमटी एका कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या. मी एकेक चावून पाहिली. मी पाव किलो अनीसून घेतलं.

त्या दिवाळीत साताऱ्याला जाताना फराळाबरोबर आनिचीनीचा डबाही नेला. आईला मुद्दाम काही सांगितलं नाही. दुपारच्या चहाबरोबर बशीत दोन ठेवल्या. तिने एक चहात बुडवली, खाल्ली. दुसरी तशीच कोरडी चावली, आणि चावता चावता थांबली.

"यात बडीशेप नाहीये," ती म्हणाली. "काय घातलंयस?"

मी पर्समधून पुडी काढून तिच्या हातावर दाणे ओतले. तिने ते खिडकीशी, उजेडात नेले, बोटाने उलटेपालटे केले, देठ बघितले, चावले. मला सिन्योरांचा ओटा आठवला.

"थोडं ठेवून जा," आई म्हणाली. "कुंडीत टाकून बघते."

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. बाकी काही बोलायच्या आधी तिने सांगितलं, "उगवलं गं. पण पानं शेपूसारखी झिरमिळी नाहीत. गोलट आलीत, कोथिंबिरीसारखी."